लिंबू आणि गोळी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

१९९२च्या सुमाराची गोष्ट. आमचा पुतण्या अमेरिकेहून सुटीवर आला, तेव्हा त्यानं वडिलांसाठी, म्हणजे माझ्या थोरल्या भावासाठी, गोळ्यांची एक मोठी बाटली आणली. आत नारिंगी रंगाच्या, मण्यांसारख्या कॅप्सूल. बीटा कॅरोटिनच्या. दादा दिवसाला वीस सिगारेटी ओढायचे आणि वहिनी त्यावरून रोज बोलायच्या. बाटली हातात घेऊन दादा त्यांना म्हणाले, ‘‘हे बघ, गाजरातलं सत्त्व आहे हे. फुप्फुसांना कवच मिळतं म्हणे यानं. आता तरी बोलू नकोस.’’ वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो, अँटिऑक्सिडंट हा शब्द मला ठाऊक होता. मी म्हणालो, ‘‘घेऊ द्या वहिनी, गाजरच आहे. अपाय तर नाही ना काही!’’

ते वाक्य मला पुढे फार दिवस बोचत राहिलं. का, ते सांगायचं तर आधी शिडाच्या जहाजांच्या काळात जावं लागेल.

कारवारजवळ अंजदीव नावाचं एक लहानसं बेट आहे. ते गोव्याच्या हद्दीत मोडतं. ऑक्टोबर १४९८ मध्ये वास्को द गामाची जहाजं परतीच्या वाटेवर इथून निघाली. वारा पडलेला. आफ्रिकेचा किनारा दिसायला जवळजवळ तीन महिने लागले. त्याच्या एका अनाम सोबत्यानं लिहिलेली रोजनिशी उपलब्ध आहे. खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या, पाय सुजले, आणि या एका टप्प्यात तीस जण गेले, असं तो लिहितो. मालिंदीला पोचताच आजाऱ्यांसाठी किनाऱ्यावरून मागवली ती संत्री. म्हणजे संत्र्यानं बरं वाटतं, हे खलाशांना तेव्हाही माहीत होतं. पण माहीत असणं आणि सिद्ध होणं यांत अंतर असतं. ते अंतर कापायला अडीचशे वर्षं लागली.

मे १७४७. ‘सॅलिसबरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड नावाचे शल्यवैद्य होते. त्यांनी स्कर्व्ही झालेले बारा खलाशी निवडले. सगळ्यांचा आजार सारखा, जेवण सारखं, झोपायची जागाही एकच. मग त्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळं औषध दिलं. कोणाला सफरचंदाची आंबवलेली दारू, कोणाला पाण्यात मिसळलेलं गंधकाम्ल, कोणाला व्हिनेगर, कोणाला चक्क समुद्राचं पाणी, कोणाला लसूण-मोहरीचं चाटण. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. फळं सहा दिवसांतच संपली. पण तेवढ्यात त्या दोघांतला एक जण कामावर जाण्याइतका बरा झाला आणि दुसरा इतर आजाऱ्यांची शुश्रूषा करू लागला.

आज हा प्रयोग अगदी साधा वाटतो. पण ‘मला वाटतं’, ‘आमच्या घराण्यात असंच करतात’ हे सगळं बाजूला ठेवून सारख्या माणसांना शेजारी शेजारी बसवायचं, वेगवेगळे उपाय द्यायचे आणि पाहायचं, ही कसोटी तिथे लागली. ही कसोटी लक्षात ठेवा. आपल्या गोष्टीत ती पुन्हा येणार आहे.

याच लिंड यांच्या हातून पुढे एक चूकही झाली. ताजी फळं जहाजावर टिकत नाहीत, म्हणून त्यांनी रस आटवून घट्ट पाक करायचा आणि बाटलीत भरून न्यायचा, असं सुचवलं. फळाचं सत्त्व बाटलीत बंद करण्याचाच हा एक प्रयत्न. पण आटवताना जे हवं तेच बहुतेक नष्ट होई आणि पाक निकामी ठरे. ब्रिटिश आरमारानं लिंबाचा रस सर्रास द्यायला सुरुवात केली ती १७९५ साली. आदल्याच वर्षी लिंड वारले होते.

लिंबात नेमकं काय आहे, हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन संशोधकाला एक घरगुती प्रश्न पडला होता. काही फळं कापली की काळी पडतात, लिंबू-संत्री का पडत नाहीत? आपल्या घरच्या बायकांना हे ठाऊक असतंच. कापलेल्या सफरचंदाला लिंबू चोळतात, तूप कढवताना त्यात विड्याचं पान टाकतात, लोणच्यावर तेलाचा थर राहील असं पाहतात. या साऱ्या युक्त्यांचा शत्रू एकच, हवेतला प्राणवायू. त्यानं लोखंड गंजतं, तेल खवट होतं, सफरचंद काळं पडतं. या क्रियेला ऑक्सिडीकरण म्हणतात, आणि ती रोखून धरणारा पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. रबर आणि तेलाच्या धंद्यात हा शब्द औषधांच्या दुकानात येण्याच्या कितीतरी आधीपासून वापरात होता.

सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२८ साली केंब्रिजमध्ये असा एक पदार्थ वेगळा केला. तो काय आहे हे नीट कळेना, म्हणून त्याला ‘इग्नोज’, म्हणजे ‘अजाण साखर’ अशा अर्थाचं गमतीदार नाव दिलं. संपादकांनी ते नाकारलं, तेव्हा त्यांनी ‘गॉडनोज’, म्हणजे ‘देव जाणे’, असं सुचवलं. तेही अर्थातच नाकारलं गेलं! पुढे १९३२ साली हाच पदार्थ म्हणजे स्कर्व्ही बरा करणारं क जीवनसत्त्व, हे स्पष्ट झालं. मग हंगेरीतल्या आपल्या गावच्या लाल ढोबळ्या मिरच्यांमधून त्यांनी ते मुबलक काढलं. १९३७ साली त्यांना नोबेल मिळालं.

त्याच सुमारास आपल्या मुंबईतही एक मोठं काम चाललं होतं. ल्युसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र पंडुरोग होई आणि त्यात कित्येक दगावत. विल्स यांनी हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम केलं, या बायका काय खातात ते तपासलं, आणि शेवटी यीस्टचा स्वस्त अर्क देऊन पाहिला. बायका झपाट्यानं सुधारल्या. १९३१ साली हे प्रसिद्ध झालं. त्या अर्कातलं गुणकारी द्रव्य म्हणजेच आजचं फॉलिक अ‍ॅसिड. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळं केलं गेलं आणि पानावरूनच त्याला हे नाव पडलं. आज गरोदर बाईच्या हातात डॉक्टर जी गोळी ठेवतात, तिचं मूळ असं मुंबईच्या गिरणगावात आहे.

इथवर जीवनसत्त्वांची कहाणी म्हणजे विजयांची मालिका आहे. लिंबू असो की यीस्टचा अर्क, प्रत्येक वेळी शरीरात काहीतरी उणं होतं, ते भरून काढलं आणि माणूस उठून बसला. यातूनच एक मोहक विचार जन्माला आला. थोड्यानं आजार बरा होतो, तर भरपूर घेतल्यानं आजार होणारच नाही!

या विचाराला शास्त्राचा आधारही मिळाला. डेनहॅम हारमन हे अमेरिकन संशोधक आधी तेल कंपनीत रसायनतज्ज्ञ होते, मग डॉक्टर झाले. १९५६ साली त्यांनी मांडलं की, शरीरात प्राणवायूच्या वापरातून ‘फ्री रॅडिकल्स’ नावाचे चंचल कण तयार होतात, ते पेशींची मोडतोड करतात आणि म्हातारपण त्यातूनच येतं. १९६९ साली मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी हे कण निकामी करणारं विकर शरीरातच शोधून काढलं. म्हणजे निसर्गानं बंदोबस्त आधीच करून ठेवला होता. पण लोकांनी एवढंच ऐकलं की, आत गंज चढतो आहे आणि गंज रोखणारी गोळी मिळते.

मग लायनस पॉलिंग आले. रसायनशास्त्राचं आणि शांततेचं अशी दोन नोबेल पारितोषिकं एकट्यानं मिळवलेला हा माणूस. त्यांनी १९७० साली क जीवनसत्त्व आणि सर्दी या विषयावर पुस्तक लिहिलं. ते स्वतः रोज काही ग्रॅम क जीवनसत्त्व घेत. एवढा मोठा शास्त्रज्ञ सांगतो म्हटल्यावर लोकांची दुकानांत रीघ लागली. पुढे कसोट्या झाल्या. क जीवनसत्त्व रोज घेऊन सर्वसामान्य माणसाची सर्दी टळत नाही. मोठ्या माणसांत ती सुमारे आठ टक्क्यांनी लवकर आवरते, म्हणजे सात दिवसांची सर्दी साडेसहा दिवसांत बरी होते. कर्करोगावरही ते गुणकारी आहे, असं पॉलिंग म्हणत. अमेरिकेच्या मेयो क्लिनिकनं १९७९ आणि १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत तोंडावाटे दिलेल्या मोठ्या मात्रेचा काही उपयोग दिसला नाही.

मोठ्या माणसाचं मत आणि साधी कसोटी यांत कसोटीचंच ऐकावं, हे मी वर्गात मुलांना शिकवत होतो. घरात मात्र विसरलो.

आता दादांच्या नारिंगी गोळीकडे येऊ. गाजर, पालेभाज्या, पिवळी फळं भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, हे दिसून आलं होतं. या पदार्थांत बीटा कॅरोटिन असतं. मग ते गोळीतून दिलं तर? फिनलंडमध्ये १९८५ पासून ही कसोटी लावली गेली. पन्नास ते एकोणसत्तर वयाचे २९,१३३ धूम्रपान करणारे पुरुष. काहींना बीटा कॅरोटिन, काहींना ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, आणि काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळतं, हे गोळी घेणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही. पाच ते आठ वर्षं हे चाललं. लिंड यांच्या बारा खलाशांचीच ही कसोटी, फक्त अफाट मोठी.

निकाल एप्रिल १९९४ मध्ये आला. बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला नव्हता. तो अठरा टक्क्यांनी जास्त झाला होता.

कोणाचा विश्वास बसेना. पण अमेरिकेतही अशीच एक चाचणी चालू होती. सिगारेट ओढणारे, पूर्वी ओढणारे आणि अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेले असे अठरा हजारांवर लोक तीत होते. बीटा कॅरोटिन आणि अ जीवनसत्त्व घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग अठ्ठावीस टक्के आणि मृत्यू सतरा टक्के जास्त दिसले. जानेवारी १९९६ मध्ये, मुदतीच्या एकवीस महिने आधी, गोळ्या बंद करण्यात आल्या.

गंमत पाहा. फिनलंडच्या त्याच अभ्यासात, आहारातून ज्यांना मुळातच जास्त बीटा कॅरोटिन मिळत होतं, त्यांच्यात कर्करोग कमीच होता. म्हणजे गाजर खाणारा माणूस सुरक्षित होता, गाजराची गोळी खाणारा नव्हता. गाजर खाणारा आणखी शंभर चांगल्या गोष्टी खातो, करतो. त्यातली एक उचलून बाटलीत भरली की बाकीच्या मागेच राहतात. शिवाय धुरानं भरलेल्या फुप्फुसात एवढ्या मोठ्या मात्रेतलं बीटा कॅरोटिन स्वतःच मोडून घातक होत असावं, असं प्रयोगशाळेतलं काम सुचवतं. आणि ज्यांना आपण निव्वळ शत्रू समजत होतो, त्या चंचल कणांचा वापर आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला करतात. घरातला सगळा अग्नी विझवला तर चूलही विझते.

ई जीवनसत्त्वाचीही तीच गत. फिनलंडमध्ये ते घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग कमी दिसला, म्हणून अमेरिका आणि कॅनडात पस्तीस हजारांवर पुरुषांची खास चाचणी झाली. २०११ साली निकाल आला. तो कर्करोग ई जीवनसत्त्वानं सतरा टक्क्यांनी वाढला होता. कर्करोग आणि हृदयविकार टाळण्यासाठी बीटा कॅरोटिन आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ नयेत, असा स्पष्ट सल्ला अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळानं २०२२ साली दिला आहे.

म्हणून सगळ्या गोळ्या फेकून द्या, असं मी म्हणत नाही. गर्भधारणेआधी आणि सुरुवातीच्या महिन्यांत घेतलेल्या फॉलिक अ‍ॅसिडनं बाळाच्या मज्जासंस्थेतले गंभीर जन्मदोष टळतात, हे १९९१ सालच्या मोठ्या चाचणीनं दाखवून दिलं. म्हातारपणी होणाऱ्या डोळ्यांच्या एका विकारात ठरावीक अँटिऑक्सिडंट आणि जस्त यांचं मिश्रण दृष्टीचा ऱ्हास मंदावतं, हेही कसोटीला उतरलं आहे. त्यातून धूम्रपान करणाऱ्यांसाठी बीटा कॅरोटिन वगळतात, हा फिनलंडचाच धडा. डॉक्टरांनी तपासून दिलेली गोळी घ्यावीच. प्रश्न एवढाच विचारायचा की, ही गोळी कोणती उणीव भरून काढते आहे? उत्तर ‘काही नाही, असंच, अंगाला चांगली’ असं असेल, तर तो पैसा पेरू, आवळा आणि पालेभाजीवर खर्च करावा.

१९९४ सालची ती बातमी वाचून मी दादांकडे गेलो. ते हसले, म्हणाले, ‘‘तूच तर म्हणाला होतास, अपाय नाही म्हणून.’’ बाटली त्यांनी बंद केली, सिगारेट नाही. पाच वर्षांनी फुप्फुसाच्या आजारानं ते गेले. त्या गोळ्यांमुळे गेले, असं मी म्हणणार नाही. एका माणसावरून असा निष्कर्ष काढता येत नाही, हे मीच शिकवत आलो, आणि सिगारेट हे कारण पुरेसं होतं. पण तोवर सिगारेट सोडा म्हणून त्यांच्यामागे लागणारं एक माणूस घरात होतं. त्या बाटलीनं आणि माझ्या एका वाक्यानं तिला गप्प केलं.

वहिनींनी त्यानंतर तो विषय कधीच काढला नाही. मला मात्र अजूनही बाजारात गाजरांचा ढीग दिसला की तो नारिंगी रंग आठवतो.