मोटारीतील कळ आणि स्पर्शपटल : समृद्धी महामार्गाच्या वाशीम जिल्ह्यातील टप्प्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मोटारगाडीच्या इतिहासलेखनात इंजिन, वेग आणि उत्पादनसंख्या यांना जे स्थान मिळाले, ते चालकाच्या हाताला मिळालेले नाही. गाडीतील कळा, खटके व दांडे यांची जागा स्पर्शपटलाने कशी घेतली आणि त्यामुळे चालकाच्या नजरेवर कोणता भार पडला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून बाहेर पडलेली 'फियाट', म्हणजेच पुढची 'पद्मिनी', हे जुन्या व्यवस्थेचे बोलके उदाहरण होय. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या दांड्यालाच जोडलेला असे आणि चोकची मूठ हाताने ओढावी लागे. प्रत्येक साधनाची जागा, आकार व ताण वेगळा असल्याने सवयीचा चालक रस्त्यावरील नजर न हटवता त्यांचा वापर करी. मुंबईच्या टॅक्सीसेवेतून ही गाडी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. योगायोग असा, की त्याच्या आदल्याच महिन्यात टाटा मोटर्सची नव्या रूपातील नेक्सॉन बाजारात आली. टाटा-फियाट संयुक्त उपक्रमाच्या रांजणगाव कारखान्यात तयार होणाऱ्या या गाडीत वातानुकूलनाच्या बहुतेक कळा स्पर्शपट्टीवर गेल्या; तापमान व पंखा यांसाठी मात्र दोन खटके राखण्यात आले. उत्पादकालाही हाताची गरज पुरती नाकारता आली नाही, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

स्पर्शपटल तितकेसे नवे नाही. अमेरिकेतील ब्यूक कंपनीने १९८६ च्या रिव्हिएरा गाडीत ते बसविले होते. चालकांना ते रुचले नाही व १९९० च्या मॉडेलात कळा परत आल्या. २०१२ मध्ये टेस्लाने १७ इंचांचे पटल आणले आणि यावेळी परिस्थिती निराळी होती. एकाच पटलामुळे अनेक कळा, त्यांचे साचे व तारा यांचा खर्च वाचतो. शिवाय अमेरिकेत मे २०१८ पासून मागील दृश्य दाखविणारा कॅमेरा सक्तीचा झाल्याने पडदा गाडीत येणारच होता. या कारणांच्या यादीत चालकाची सोय बरीच खाली येते.

वाशीम जिल्ह्यात हा प्रश्न रस्त्यामुळे तीव्र झाला. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव, मेहकर या जुन्या मार्गावर गावे, बैलगाड्या व वळणे वेगाला आपोआप आवर घालीत. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव तालुक्यांतून मोटारी ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेने धावू लागल्या. या वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे ३३ मीटर जाते. पंख्याचा वेग बदलण्यासाठी चालकाने दोन सेकंद पडद्याकडे पाहिले, तर सुमारे ६७ मीटर अंतर तो न पाहता कापतो.

स्वीडनमधील 'व्ही बिलेगारे' या नियतकालिकाने २०२२ मध्ये ताशी ११० किलोमीटर वेगाने घेतलेली चाचणी येथे महत्त्वाची ठरते. २००५ च्या, कळा असलेल्या व्होल्वो व्ही-७० मध्ये ठरावीक चार कामे १० सेकंदांत झाली. एमजी मार्व्हल-आर या स्पर्शपटलाच्या गाडीत तशाच कामांना ४४.९ सेकंद लागले.

युरोपातील 'युरो एनकॅप' संस्थेने २०२६ पासूनच्या गुणांकनात दिशादर्शक, धोक्याचे दिवे, वायपर, भोंगा व आपत्कालीन मदत यांसाठी स्वतंत्र भौतिक नियंत्रणांचा विचार केला आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'भारत एनकॅप'चे मूल्यमापन प्रौढ प्रवाशांचे संरक्षण, बालकांचे संरक्षण आणि सुरक्षा-साहाय्यक तंत्रज्ञान या तीन घटकांवर आधारलेले होते. कळ सापडण्यास चालकाला किती वेळ लागतो, हे मोजण्याची तरतूद त्यांपैकी कशातही नव्हती.