कबरीच्या भिंतीवरील कोल्हा

इजिप्तमध्ये नाईल नदीच्या पश्चिम तीरावर, आजच्या लक्सर शहरासमोर, देर अल-मदीना नावाच्या प्राचीन वसाहतीचे अवशेष आहेत. राजांच्या कबरी खोदणारे व रंगविणारे कारागीर तेथे राहत असत. त्यांपैकी सेनेजेम या कारागिराची, ख्रिस्तपूर्व १३व्या शतकातील कबर १८८६ साली सापडली. ही कबर राजघराण्यातील नव्हे, कष्टकरी संसारी माणसाची आहे. म्हणूनच ती आम्हांला जवळची वाटते.

तेथील एका चित्रात सिंहाच्या आकाराच्या पलंगावर मृतदेह ठेवलेला असून कोल्ह्याच्या मुखाचा अनुबिस देव त्यावर ओणवा झाला आहे. कोल्हाच का? इजिप्तवासीय आपल्या मृतांना वाळवंटाच्या कडेला पुरीत. अभ्यासक म्हणतात, तेथे रात्री कोल्हे हिंडत व उथळ खड्डे उकरीत. ज्याचे भय, त्यालाच त्यांनी राखणदार नेमले. आपल्या माणसाच्या देहाची विटंबना होऊ नये, ही त्यामागील व्याकुळता होय. ज्याने आप्तांना माती दिली आहे, त्याला ती समजावून सांगावी लागत नाही.

त्याच कबरीत सूर्यदेवाच्या नौकेपुढे दोन बबून वानरे हात उंचावून उभी आहेत. पहाटे उगवतीकडे तोंड करून कलकलाट करणाऱ्या या प्राण्यांत त्या लोकांना उपासक दिसले. त्याखाली परलोकातील शेत आहे. सेनेजेम बैलजोडीमागे नांगर धरून चालला आहे आणि त्याची पत्नी ईनेफेर्ती मागून बी पेरीत आहे. इजिप्तमध्ये अन्यत्र शेणकिडाही वारंवार आढळतो. त्याने पुरलेल्या शेणाच्या गोळ्यातून नवा जीव बाहेर येतो, म्हणून तो रोज नव्याने उगवणाऱ्या सूर्याचे व पुनर्जन्माचे चिन्ह ठरला.

बायबलमधील ज्ञानग्रंथ बहुधा इजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरीतच रचला गेला. निसर्गाच्या सौंदर्याने भारावून त्यालाच देव मानणाऱ्यांविषयी तो १३व्या अध्यायात काहीसा सौम्य आहे. देवाला शोधतानाच कदाचित ते वाट चुकले असतील, असे तो मानतो. पशुपूजकांना मात्र तो ही सवलत देत नाही. निर्मितीला निर्मात्याच्या आसनावर बसविणे ही चूकच, यात आम्हांलाही शंका नाही. तरीही सेनेजेमच्या भिंतीपुढे आमच्याने हसवत नाही. मृत्यू हा शेवट नसावा, या आशेने त्याने त्या मुक्या जिवांकडे पाहिले होते.

पुढे रोममधील भुयारी दफनभूमीत आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनीही भिंतींवर प्राणी रंगविले: ऑलिव्हची डहाळी घेतलेले कबूतर, योनाला गिळणारा जलचर, आणि खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ. मात्र येथे मृताची राखण पशूवर सोपविलेली नाही. येथे मेंढरू म्हणजे आपण स्वतः, आणि आपल्याला उचलून नेणारा जिवंत आहे.

नोव्हेंबर महिन्यात आपण कबरींवर मेणबत्त्या लावतो, तेव्हा आपल्या आशेला ज्याचे नाव ठाऊक आहे त्याचे आभार मानावेत. आणि ते नाव ठाऊक नसतानाही ज्यांनी अंधारात आशा धरली, त्यांच्यासाठीही एक प्रार्थना करावी.