नर्तकीची चोळी आणि आपला इतिहास

शिवजयंतीची मिरवणूक असो की शाळेतले ऐतिहासिक नाटुकले, दरबाराचा प्रवेश आला की एक नर्तकी हटकून पुढे येते. झगमगते नऊवारी, पाठीवर हुकांची चोळी, पायांत चाळ, ओठांवर लावणी. आणि काळ म्हणे १६७४ चा, राज्याभिषेकाचा!

शृंगारिक लावणीला बहर आला तो राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर यांच्या हयातीत, म्हणजे उत्तर पेशवाईत. राम जोशी जन्मले १७६२ साली. मधल्या शंभराहून अधिक वर्षांचे काय करायचे? शिवाय त्या काळच्या फडावर स्त्रीचे सोंग बहुधा नाच्या पोऱ्याच घेई. पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळाबाई गाजली ती पेशवाई बुडाल्यावर कितीतरी दशकांनी. आपल्या विदर्भातील खडी गंमतीत तर लुगडे नेसून पुरुषच नाचत आला.

आता कापडाकडे पाहू. जुनी चोळी पुढे गाठ मारून घालीत. रंग मंजिष्ठाचा, लाखेचा, निळीचा. रासायनिक रंगांचा आरंभ १८५६ साली लंडनमध्ये पर्किनने केला आणि पॉलिएस्टरचा धागा निघाला १९४१ साली. तेव्हा रायगडावर पॉलिएस्टरची जर चमकते, तिथे कोष्ट्याचा माग आणि रंगाऱ्याचा हात हे दोन्ही इतिहासातून पुसले जातात.

ही चूक आपलीच आहे असे नाही. युरोप-अमेरिकेत मध्ययुगाच्या जत्रा भरतात. तिथे सुलतानाच्या महालातली म्हणून जी नर्तकी दाखवतात, तिची मणी लावलेली तोकडी चोळी आणि कमरपट्टा ही विसाव्या शतकातील कैरोच्या नाट्यगृहांची देणगी होय. बदिया मसाबनी या बाईने तिथे १९२६ साली आपले नृत्यगृह काढले. पाश्चात्त्यांच्या आणि सिनेमाच्या कल्पनेतले पूर्वेचे चित्र त्या वेषात उतरले, आणि लोक त्यालाच मध्ययुग समजू लागले.

मग नाचणाऱ्या मुलीला दोष द्यावा काय? मुळीच नाही. ड्रेपरीवाला भाड्याने देईल तेच तिला ल्यावे लागते, आणि पुष्कळदा ते भाडेही तिच्याच बिदागीतून कापतात. आमच्या खापरखेड्याच्या वीज केंद्रात किंवा भोवतालच्या कोळसा खाणींत कामगाराच्या डोक्यावरचे शिरस्त्राण त्याच्या पगारातून घ्यायला लावले, तर आम्ही दरवाजात बसू. इथेही न्याय तोच. खरा वेष हवा असेल, तर हातमागाच्या लुगड्याचा खर्च समितीने सोसावा, आणि हिशेबाच्या वहीत तो तोफांच्या देखाव्याच्या आधी मांडावा.

तेवढी ऐपत नसेल, तर निवेदकाने एवढेच सांगावे, की हा नाच पुढच्या शतकातला आहे व हा वेष आजचा आहे. प्रेक्षकांत बसलेल्या मुलांना पाठ्यपुस्तकापेक्षा हा देखावाच अधिक काळ आठवणार आहे. त्यांना खरे सांगायला पैसे पडत नाहीत.