सागवानाच्या हिशेबातून आलेली पदवी

१/ पर्यावरणशास्त्राची पदव्युत्तर पदवी आज निसर्गरक्षणाशी जोडली जाते. तिचे एक मूळ मात्र ब्रह्मदेशातील सागवानाच्या जंगलात सापडते.

२/ १८५६ साली जर्मन वनस्पतितज्ज्ञ डीट्रिख ब्रँडिस पेगूच्या जंगलांचे अधीक्षक झाले. इंग्रजांना साग हवा होता, आणि तो संपूही द्यायचा नव्हता. उभी झाडे किती, त्यांतली दरवर्षी किती तोडावीत, याचे गणित ब्रँडिस यांनी बसवले. १८६४ मध्ये ते हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक झाले.

३/ पुढे गिफर्ड पिंचो हा अमेरिकन तरुण युरोपात त्यांना भेटला आणि त्यांच्या सल्ल्याने फ्रान्समधील नान्सी येथे वनशास्त्र शिकला. १९०० साली पिंचो कुटुंबाच्या देणगीतून येल विद्यापीठात वनविद्यालय उभे राहिले.

४/ १९०९ मध्ये तेथून पदव्युत्तर पदवी घेऊन ऑल्डो लिओपोल्ड अमेरिकेच्या वनखात्यात रुजू झाले. लांडगे मारले की शिकाऱ्यांसाठी हरणे वाढतील, ही तेव्हाची समजूत त्यांचीही होती. लांडगे त्यांनीही मारले. पुढे बेसुमार वाढलेल्या हरणांनी बोडके केलेले डोंगर पाहून त्यांचे मत पालटले.

५/ त्यांच्या मृत्यूनंतर १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात माती, पाणी, झाडे व प्राणी मिळून एक समाज मानला आहे आणि माणूस त्याचा केवळ सभासद.

६/ येलच्या विद्यालयाच्या नावात १९७२ मध्ये 'पर्यावरण अभ्यास' हे शब्द आले. २०२० पासून ते 'पर्यावरण विद्यालय' आहे. जंगलातून किती लाकूड मिळेल, एवढ्यावर सुरू झालेली विद्या आता जंगल टिकण्यासाठी काय काय टिकले पाहिजे, हे विचारते.