दहा हजार पावलांची गोष्ट



गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही मिटली आणि आमच्या एका ताईने पिशवीतून डॉक्टरांची चिठ्ठी काढली. वय पंचेचाळीस, दिवसभर शिलाई मशीनवर बसून काम, रक्तातली साखर वाढलेली. औषधांच्या खाली लिहिलं होतं, 'रोज चालणे'. ताई म्हणाली, "लेक म्हणतो, मोबाईलवर दहा हजार पावलं दिसली पाहिजेत. माझी दोन हजार होतात. मग सुरुवात तरी कशाला करू?"

तिच्या प्रश्नावर आम्ही गप्प बसलो, कारण हा दहा हजारांचा आकडा कुणी ठरवला हे आम्हालाही माहीत नव्हतं. मग शोध घेतला. आज तीच हकीकत सांगतो.

ही गोष्ट सुरू होते लंडनच्या दुमजली बसमध्ये. जेरी मॉरिस नावाचे एक डॉक्टर हृदयविकाराचा अभ्यास करत होते. एकाच बसवर दोन माणसं कामाला. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, तर कंडक्टर तिकिटं फाडत दिवसभर जिना चढउतार करणारा. १९५३ साली मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापून दाखवलं की कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होतो. टपाल वाटत फिरणारे पोस्टमन आणि खुर्चीत बसणारे कारकून यांच्यातही तसाच फरक दिसला. मॉरिस मोठे प्रामाणिक होते. पुढे १९५६ मध्ये त्यांनी गणवेशाच्या विजारींची मापंही तपासली. ड्रायव्हरांची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी निघाली. म्हणजे सगळा फरक एकट्या जिन्याचा नसेल, वजनाचाही काही भाग असेल, हे त्यांनीच पुढे आणलं. पण 'बसून राहणं शरीराला महाग पडतं' हा विचार तिथून जगभर गेला.

आता जपानला जाऊ. १९६४ साली टोकियोत ऑलिम्पिक झालं आणि लोकांमध्ये व्यायामाची हवा तयार झाली. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, तिथल्या एका कंपनीने कमरेला अडकवायचं, पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव 'मानपो-केई'. मान म्हणजे दहा हजार, पो म्हणजे पाऊल आणि केई म्हणजे मोजणारं यंत्र. सख्यांनो, दहा हजारांचा आकडा गाजला तो या यंत्राच्या नावामुळे. दवाखान्यात वर्षानुवर्षं तपासून काढलेला तो आकडा नव्हता. बोलायला सोपा, लक्षात राहणारा, म्हणून तो टिकला. तिथल्या चालणाऱ्या मंडळांनी उचलला आणि पुढे मोबाईलमध्येही तोच येऊन बसला.

मग खरा हिशेब काय? २०१९ साली आय-मिन ली या संशोधक बाईंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या १६,७४१ बायका, सरासरी वय ७२. त्यांच्या कमरेला सात दिवस यंत्र बांधून पावलं मोजली आणि पुढे चारेक वर्षं त्यांची खबर ठेवली. रोज साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं. पावलं वाढली तसा फायदा वाढत गेला, पण साधारण ७,५०० नंतर तो फारसा वाढला नाही. आता, जी आधीच आजारी असते ती कमीच चालते, म्हणून सगळं श्रेय चालण्याला देता येत नाही. तरी आमच्या ताईसाठी यात मोठा दिलासा होता. दोन हजारांवरून चार हजारांवर जाणं ही काही लहान गोष्ट नव्हे.

पण माणूस चालायला लागावं कसं? यासाठी सरकारांनी आणि विद्यापीठांनी बक्षिसं लावून पाहिली. सिंगापूरने २०१५ पासून देशभर पावलांची स्पर्धा सुरू केली. लोकांना मनगटावर बांधायची यंत्रं फुकट दिली. पावलांचे गुण मिळायचे आणि गुणांवर खरेदीची कुपनं.

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका विद्यापीठातला प्रयोग तर आपल्या गटांनी ऐकण्यासारखा आहे. तो २०१६ मध्ये छापून आला. वजन जास्त असलेले २८१ कर्मचारी, रोजचं लक्ष्य ७,००० पावलं, मुदत तेरा आठवडे. त्यांचे चार भाग केले. पहिल्यांना पैसे नाहीत, फक्त रोजची नोंद कळवायची. दुसऱ्यांना लक्ष्य गाठलं त्या दिवशी १.४० डॉलर. तिसऱ्यांना सोडत. चौथ्यांच्या नावावर महिन्याच्या पहिल्याच दिवशी ४२ डॉलर मांडले, आणि लक्ष्य चुकलं त्या दिवशी त्यातून १.४० वजा. रक्कम तीच, पण फरक बघा. पैसे नसलेल्यांनी १०० पैकी ३० दिवस लक्ष्य गाठलं, रोज कमावणाऱ्यांनी ३५, सोडतवाल्यांनी ३६ आणि हातातले पैसे जाताना पाहणाऱ्यांनी ४५.

आपल्याला यात नवल नाही. बैठकीला उशीर झाला की दहा रुपये दंड, हे आपण केव्हापासून करतो! हातातलं गेलेलं मनाला लागतंच. पण त्याच अभ्यासात पुढचंही लिहिलं आहे. तेरा आठवड्यांनंतर पैसे थांबले आणि तो फरकही टिकला नाही.

हे सगळं वाचून आमच्या गटानेही करून पाहिलं. अकरा जणींनी महिन्याच्या सुरुवातीला तीस-तीस रुपये डब्यात टाकले. अर्धा तास चाललं नाही त्या दिवसाचा एक रुपया गटाच्या चहा-शेंगदाण्याला. महिनाअखेर उरलेले पैसे परत. पहिला महिना झकास गेला. दुसऱ्या महिन्यात कापूस वेचणी आली आणि एकीने हसत सांगितलं, "रुपया घ्या, आज सुट्टी." म्हणजे रुपया भरला की न चालण्याची मुभाच मिळाली!

एक अडचण मात्र पैशाच्या पलीकडची होती. गावात बाई कामाशिवाय रस्त्याने चालली की लोक विचारतात, "कुठं निघालीस?" नुसतं चालायला म्हटलं की रिकामटेकडी ठरते. डोक्यावर हंडा असता तर कुणी विचारलं नसतं. नळ आला, चांगलं झालं. हंडा परत कुणालाच नको. पण हंड्यासोबत आपलं चालणंही गेलं आणि त्याच्या जागी काही आलं नाही.

तेव्हा आम्हाला वारी आठवली. आळंदीहून पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. सत्तरीच्या आज्याही जातात. तिथं पावलं कुणी मोजत नाही. आजचा मुक्काम कुठं एवढं ठरलेलं असतं, आणि दिंडी सोबत असते. आम्ही तेच उचललं. जोड्या लावल्या. मुक्काम ठरवला, आधी शाळेपर्यंत, मग फाट्यापर्यंत. जोडीदारणीने दारात येऊन हाक मारायची. दोघी-चौघी मिळून निघालं की लोकही विचारायचे थांबले.

डबा चौथ्या महिन्यात बंद पडला. शिलाईवाली ताई अजून चालते. ती म्हणते, "रुपयासाठी उठले नसते, पण दारात हाक आली की उठावंच लागतं." तिच्या गोळ्या सुरू आहेत आणि त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत हे तिला पक्कं ठाऊक आहे.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं, थोडा दम वाढेल अशी हालचाल सांगते. म्हणजे रोज तीस मिनिटं, आठवड्यातले पाच दिवस. एका दमात होत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करा. छातीत दुखत असेल, पायाला जखम असेल किंवा बधिरपणा असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

पुढच्या बैठकीत हप्त्यांच्या वहीत एक पान यासाठी ठेवा. प्रत्येकीच्या नावापुढे पावलांचा आकडा लिहायची गरज नाही. तिला हाक कोण मारणार, तिचं नाव लिहा.