फोटोची कड

तहसील कचेरीच्या आसपासच्या फोटो स्टुडिओत पासपोर्ट फोटो मागितला, की बहुधा आठ हातात पडतात. चार बाय सहा इंची कागद आडवा धरला तर ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो एका ओळीत चार, अशा दोन ओळी बसतात. लांबीत सुमारे १२ मिलिमीटर उरतात, रुंदीतही जवळपास तेवढेच. ही उरलेली जागा फोटोंच्या मध्ये आणि कडेला वाटून दिली जाते, म्हणजे कटरचं पातं फिरायला वाव राहतो. मागची भिंत पांढरी आणि कागदही पांढरा, त्यामुळे फोटो कुठे संपतो ते कळावं म्हणून प्रत्येकाभोवती केसाएवढी बारीक रेघ मारलेली असते. कापायचं ते त्या रेघेवर.

आठाचा हा हिशेब जुना आहे. पॅरिसचा छायाचित्रकार आंद्रे दिस्देरी याने १८५४ साली एकाच काचेवर अनेक लहान छबी टिपण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि व्यवसायात रुळल्या त्या एका काचेवर आठ. कॅमेऱ्याला चार भिंगं असत. अर्ध्या काचेवर चार छबी उमटल्या की काच सरकवायची आणि उरलेल्या चार घ्यायच्या. मग सगळ्या एकदम कागदावर छापून, कापून, साधारण अडीच बाय चार इंचांच्या पुठ्ठ्यांवर चिकटवायच्या. फोटो स्वस्त झाला त्यात कातरीचा वाटा भिंगाइतकाच आहे, पण छायाचित्रणाच्या इतिहासात तिच्या वाट्याला फारशा ओळी येत नाहीत.

पुठ्ठा लागे तो कागदामुळे. तेव्हाचा छपाईचा कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला, पातळ असे; सुटा ठेवला तर गुंडाळी होई. चिकटवण्याआधी त्याच्या कडा नीट कापून घ्याव्या लागत. कापून पडलेली कातरणं कोणी केरात टाकत नसे. त्यांत चांदी असे. ती साठवून, जाळून, राखेतून चांदी परत मिळवली जाई.

दिस्देरीच्या पेटंटच्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी, आणि स्वतः उत्तम छायाचित्रकार. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्टुडिओ थाटला आणि तिथून असे पुठ्ठ्यावरचे छोटे फोटो बाहेर पडू लागले. १८६० च्या दशकात सव्वाचार बाय साडेसहा इंचांचा मोठा कॅबिनेट पुठ्ठा आला. त्याच्या खालच्या पट्टीवर स्टुडिओचं नाव झोकात छापता येई. छबी गिऱ्हाइकाची आणि पट्टी धंद्याची, अशी ही सरळ वाटणी होती.

कागदावरची पांढरी कड मात्र वेगळ्या गरजेतून आली. फिल्मच्या कडेचा भाग प्रकाश न लागल्याने पारदर्शक राहतो. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून छापली, की तोच भाग काळाभोर उमटतो, तोही वेडावाकडा. म्हणून मधे काळ्या कागदाची चौकट ठेवायची. तिच्याखाली झाकलेला कागद पांढरा राहतो आणि फोटोला स्वच्छ कड मिळते. पुढे निगेटिव्ह मोठी करून छापणारे एन्लार्जर आले तेव्हा हेच काम ईझलच्या, म्हणजे कागद धरणाऱ्या चौकटीच्या, धातूच्या पट्ट्यांनी केलं. शिवाय त्या कागद सपाट दाबून धरत, त्यामुळे फोटो कडेला पुसट होत नसे. बोटांचे डाग आणि दमट हवा आधी कड गाठतात, मधला चेहरा बराच काळ वाचतो, हा आणखी एक लाभ.

मग या मोकळ्या जागेला कामं मिळत गेली. विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेतल्या प्रयोगशाळा प्रिंटच्या कडेवर महिना आणि वर्ष छापत. घरच्या अल्बममधल्या असंख्य निनावी फोटोंचा काळ आज तेवढ्यावरूनच ठरतो. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत संपादक फोटो कुठे कापायचा याच्या खुणा मेणाच्या पेन्सिलीने कडेवर करत, म्हणजे चित्राला धक्का लागत नसे. हातकागदाची आठवण देणाऱ्या नागमोडी कडांची चाल १९३० ते १९६० च्या दशकांत बहरली, त्यासाठी खास दातेरी कटर मिळत. काळ्या पानांच्या अल्बममध्ये चिकट कोपऱ्यांत खोचलेले तसे फोटो मराठी घरांतही सापडतात.

फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांना मात्र फोटो कापणंच मान्य नव्हतं. निगेटिव्हचा कण्‌कण छापला गेल्याची साक्ष म्हणून त्यांच्या प्रिंटभोवती बारीक काळी रेघ दिसते. तरी पॅरिसच्या सेंट-लाझार स्टेशनामागचा, डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा १९३२ चा त्यांचा गाजलेला फोटो कापलेलाच आहे. तो कुंपणाच्या फळ्यांमधून टिपला होता आणि एका बाजूला फळी आडवी आली होती. तत्त्व मोठं खरं, पण ती फळी ठेवली असती तर त्या उडीतली ताकद पातळ झाली असती.

पोलरॉइडच्या १९७२ सालच्या एसएक्स-७० ची कड तर यंत्राचाच भाग होती. खालच्या रुंद पट्टीत रसायनाची पुडी दडलेली. फोटो रुळांतून बाहेर येताना ती फुटे, रसायन चित्रभर पसरे आणि जास्तीचं वरच्या पट्टीत अडकून राही. कडेपर्यंत कापायची सोयच नव्हती.

रंगीत फोटोंच्या मोठ्या प्रयोगशाळांत हात बाजूला झाले. कागद लांबलचक रिळांवर आला. छापणारं यंत्र दोन फोटोंच्या मधे कडेला कापणीची खूण करी आणि एका गिऱ्हाइकाचं काम संपलं की निराळी खूण देई. कटर त्या खुणा वाचून चाले. एक खूण हुकली तर कुणाच्या लग्नातली वरात दोन तुकड्यांत निघावी, इतकं त्या ठिपक्यांवर अवलंबून होतं. कडेपर्यंत छापलेले बिनपट्टीचे फोटो १९७० च्या दशकात सर्रास झाले. त्यांच्यापुढे पांढरी कड जुनाट वाटू लागली.

पण बिनपट्टीच्या फोटोत कापाकापी गुपचूप होते. ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट २४ बाय ३६, म्हणजे दोनास तीन. ती आठ बाय दहाच्या कागदावर पूर्ण भरायची तर आठ इंच उंचीला बारा इंच रुंदी लागते. कागद दहाच इंच, म्हणजे दोन्ही बाजूंनी एकेक इंच जातो. गावाकडच्या ग्रुप फोटोत टोकाला उभा असलेला चुलता नेमका त्या इंचात असतो. त्याला वाचवायचं तर चित्र सहा पूर्णांक दोन तृतीयांश इंच उंचीचं छापून वर-खाली पांढरी पट्टी सोडावी लागते. आजच्या लॅबमध्येही ऑर्डर देताना हाच प्रश्न असतो: पूर्ण भरायचं, की पूर्ण दाखवायचं? चार बाय सहा, आठ बाय बारा, बारा बाय अठरा हे कागद दोनास तीनच्या मापाचे आहेत, त्यांवर चुलत्याला धक्का लागत नाही. फोन बहुधा चारास तीन मापाने टिपतो, म्हणून फोनवरचा आडवा फोटो चार बाय सहावर भरायला दिला, तर कापला जाईल तो वरचा किंवा खालचा भाग.