अपंगांवरील अत्याचार व दंडविधान

अपंग व्यक्तीवरील हल्ल्यास सामान्य हल्ल्याहून कडक शिक्षा असावी, हे तत्त्व भारतीय फौजदारी कायद्यात फार उशिरा आले. प्राचीन दंडनीतीत अपंगांचा निर्देश आढळतो, तो मुख्यतः वाक्पारुष्याच्या म्हणजे शिवीगाळीच्या प्रकरणात. व्यंगावरून हिणवणाऱ्यास कौटिलीय अर्थशास्त्रात, व्यंग खरे असल्यास ३ पण व खोटे असल्यास ६ पण दंड सांगितला आहे. काण्याच्या डोळ्यांची उपरोधाने स्तुती केल्यास मात्र १२ पण. उपरोध हा उघड शिवीहून अधिक बोचतो, ही जाण त्यात दिसते. मनुस्मृतीत अशा अपराधास किमान एक कार्षापण दंड आहे.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत अपराधाची तीव्रता इजेच्या स्वरूपावरून ठरविण्यात आली. डोळा, कान वा अवयव कायमचा निकामी करणे ही जबर दुखापत होय आणि तीस सात वर्षांपर्यंत कारावास होता. एखाद्यास अपंग करणे अशा रीतीने गंभीर ठरले. आधीच अपंग असलेल्यास मारण्याला मात्र वेगळे वजन मिळाले नाही. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयक अधिनियमानेही ही उणीव भरून काढली नाही. त्यातील दंडाचे कलम अपंगांसाठीच्या सवलती लबाडीने लाटणाऱ्यांविरुद्ध होते, त्यांच्यावर हात उगारणाऱ्यांविरुद्ध नव्हे.

भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंगहक्कविषयक करारास अनुसमर्थन दिले. पुढे २०१३ च्या फौजदारी कायदा सुधारणेने अपंग स्त्रीवरील बलात्कारास किमान दहा वर्षे सश्रम कारावास ठरविला. पीडितेचा जबाब तिच्या घरी वा तिच्या सोयीच्या ठिकाणी, दुभाष्याच्या साहाय्याने घेण्याची तरतूदही केली. ही दुसरी तरतूद शिक्षेइतकीच मोलाची आहे, कारण साक्ष नोंदवलीच गेली नाही तर शिक्षेची वाढ कागदावर राहते. आंधळ्या पीडितेने आरोपीला आवाजावरून ओळखणे ग्राह्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ९२ अन्वये जाहीर अपमान, हल्ला, ताब्यातील अपंगास अन्नपाणी नाकारणे, तसेच कुबडीसारख्या साहाय्यक साधनाची मोडतोड यांस सहा महिने ते पाच वर्षे कारावास व दंड आहे. तथापि हल्ल्याच्या बाबतीत अप्रतिष्ठा करण्याचा किंवा स्त्रीच्या विनयभंगाचा उद्देश सिद्ध करावा लागतो. निव्वळ मारहाण या खंडात बसेलच असे नाही. अन्य कायद्यात अधिक शिक्षा असल्यास तीच लागू होते.

१ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने बलात्काराविषयीची तरतूद कायम ठेवली. वंश, जात, भाषा इ. कारणांवरून पाच वा अधिक व्यक्तींनी मिळून केलेल्या खुनासाठी व जबर दुखापतीसाठी तिने स्वतंत्र शिक्षा योजिल्या. त्या कारणांत अपंगत्वाचा नामनिर्देश नाही.